चित्र पुसलं, नाव उरलं

ब्रिटनमधल्या एका मालिकेच्या नायकाला मरण ठाऊक नाही. ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथेतला डॉक्टर परग्रहावरचा. पोलिसांना फोन करायच्या जुन्या निळ्या खोक्यात बसून तो काळात मागेपुढे हिंडतो, आणि मरणाला टेकला की चेहरा, आवाज, वय, स्वभाव सगळं बदलून पुन्हा उभा राहतो. ही युक्ती निघाली अडचणीतून. १९६६ मध्ये पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना आणि मालिका तर बंद करायची नव्हती, म्हणून त्यांच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन आले. कथेतल्या डॉक्टरला मिळालेली सवलत ती भूमिका करणाऱ्यांना अर्थातच मिळाली नाही. हार्टनेल १९७५ मध्ये गेले. ट्रॉटन १९८७ मध्ये अमेरिकेत विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला गेले आणि तिथेच वारले. तिसरे डॉक्टर जॉन पर्टवी १९९६ मध्ये गेले. डॉक्टरचा वैरी ‘मास्टर’ रंगवणारे रॉजर डेलगाडो त्याआधीच, १९७३ मध्ये, तुर्कस्तानात चित्रीकरणासाठी गेले असताना मोटार अपघातात दगावले. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, जिचा पहिला भाग दाखवला गेला त्या मालिकेच्या मागे आज मृतांची लांबलचक रांग असणार, यात नवल काही नाही. नवल आहे ते या रांगेची नोंद ठेवली गेली याचं, आणि त्या नोंदीत कोण कोण आहे याचं. तिथे नायक-नायिका आहेतच. पण नेपथ्यकार, वेशभूषाकार, आवाजाचे तंत्रज्ञ, पटकथा तपासणारे संपादक आणि राक्षसाच्या रबरी पोशाखात घामाघूम होऊन ज्यांचा चेहरा एकदाही दिसला नाही असे नटही आहेत. १९७९ पासून या एकाच मालिकेला वाहिलेलं एक नियतकालिक निघतं. त्यात जुन्या एखाद्या भागात चार वाक्यं बोलून गेलेल्या माणसाच्या निधनाचीही दखल घेतली जाते.

वसई-विरारच्या वाचकाने ही नसती पंचाईत का करावी, असं कुणी विचारेल. उत्तर नायगाव स्टेशनाच्या पूर्वेला आहे. मिठागरं, खाजण आणि नव्या इमारती यांच्या अधेमधे पत्र्याच्या मोठाल्या शेड उभ्या आहेत आणि त्यांच्या आत हवेल्या, देव्हारे, इस्पितळं, कोर्टं, राजवाडे आहेत. नायगाव ते कामण या पट्ट्यात मालिकांची चित्रीकरणं चालतात. त्या सेटांवर राबणारे लाइटमन, सेटिंगवाले, स्पॉटदादा, मेकअप आणि कपडेपटातली माणसं नायगाव, नालासोपारा, विरार इथल्या चाळी-इमारतींतून कामाला निघतात, कारण मुंबईतली घरं परवडत नाहीत. बारा तासांची शिफ्ट संपवून रात्रीची लोकल पकडणारा हा एक मोठा कामगारवर्ग आहे. यातलं कुणी गेलं तर मालिकेच्या इतिहासात त्याची नोंद कुठे होते? याला ‘आपल्याकडे कुणाला किंमतच नाही’ असं ठरीव उत्तर दिलं जातं. ते आळशी आहे आणि चूकही आहे. मृताची आठवण राहणं-न राहणं हे लोकांच्या मायेवर कमी आणि त्याच्या हयातीत कामाच्या जागी केलेल्या कोरड्या लिखापढीवर जास्त ठरतं, असं या दोन टोकांच्या उदाहरणांवरून दिसतं.

लंडनचीच गोष्ट घेऊ, कारण तिथे मायेचा पत्ता नव्हता. बीबीसीने आपल्याच मालिकेचे भाग पुसले. साधारण १९६७ ते १९७८ या काळात व्हिडिओ टेपा पुन्हा वापरण्यासाठी कोऱ्या केल्या गेल्या आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रती जागा अडते म्हणून निकालात निघाल्या. टेप महाग होती, पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित होते, आणि काळी-पांढरी मालिका रंगीत जमान्यात कोण बघणार, असा साधा दुकानदारी हिशेब त्यामागे होता. पहिल्या सहा वर्षांतल्या २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक असे गेले. पुढे परदेशांतून काही प्रती हाती आल्या. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून तर एकदम नऊ भाग मिळाले. तरीही हार्टनेल आणि ट्रॉटन यांचं बरंचसं काम आज कुणालाच बघता येत नाही. म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या प्रसारण संस्थेने स्वतःच्या घरचा ऐवज भंगारात काढला होता.

पण त्याच संस्थेच्या दुसऱ्या खात्यात कारकून आपलं काम करत होते. कोणत्या नटाला किती मानधनावर करारबद्ध केलं, कोणत्या दिवशी कोणत्या स्टुडिओत तालीम झाली, प्रत्यक्ष प्रक्षेपणात किती मिनिटं आणि सेकंद गेले, जमावात उभं राहायला कुणाला बोलावलं, याचे कागद फायलींत लागत गेले. रेडिंग शहराजवळ कॅव्हरशॅम इथे बीबीसीचं लेखी दफ्तर जपलेलं आहे. चित्र पुसणाऱ्यांना कागद पुसायचं सुचलं नाही, कारण कागद पुन्हा वापरता येत नव्हता. (सरकारी खाक्याच्या निबरपणाचे क्वचित असेही उपकार होतात.) परिणाम असा की ज्या भागाची एकही चौकट शिल्लक नाही, त्यातल्या पहारेकऱ्याचं काम कुणी केलं हे आज सांगता येतं. नाव मिळालं की माणूस शोधता येतो, त्याची मुलाखत घेता येते, तो गेल्यावर दोन ओळी लिहिता येतात. चाहत्यांची भक्ती त्यानंतरची. तिला उभं राहायला जमीन दिली ती फायलींनी.

भक्तीचा वाटा नाकारायचा नाही. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे. घरोघरी मुलांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो टिपला होता म्हणून. जॉन क्युरा नावाचा छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्यावरची चित्रं कॅमेऱ्यात पकडून ती नट-दिग्दर्शकांना विकायचा धंदा करत असे. व्हिडिओ घरात येण्यापूर्वी आपल्या कामाचा पुरावा ठेवायचा दुसरा मार्गच नव्हता. क्युरा १९६९ मध्ये वारले आणि त्यांच्या फोटोंची खरी किंमत त्यानंतर कळली. इथे एक धागा हिंदुस्थानात येतो. मालिकेच्या पहिल्याच कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन १९३८ मध्ये लखनौत जन्मले. लेखिका अतिया हुसेन यांचे ते चिरंजीव. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांच्या हाती ही मालिका आली. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट त्यांच्याहून थोड्याच मोठ्या, सत्तावीस वर्षांच्या, आणि तेव्हाच्या बीबीसी नाट्यविभागातल्या एकमेव स्त्री निर्मात्या. एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी पोरगा या जोडीला जुनी मंडळी कशी बघत असतील ते वेगळं सांगायला नको. हुसेन यांनी पुढे ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा केली, एक वगळता सगळे भाग स्वतः दिग्दर्शित केले. आज त्या सातांपैकी एकही शिल्लक नाही. मात्र त्यांनी केलेल्या सहा भागांची क्युरांनी काढलेली चित्रं हुसेन यांनी खासगी संग्रहात जपली होती. ती पुढे सापडली आणि कुबलाई खानाचा दरबार कसा सजवला होता, मार्को पोलो झालेले मार्क ईडन आणि पिंग-चो झालेल्या झीनिया मर्टन कसे दिसत होते, ते कळलं. मर्टन २०१८ मध्ये आणि ईडन २०२१ मध्ये गेले. त्यांच्या त्या कामाची ओळख आता या स्थिरचित्रांवर आणि कुण्या पोराने टिपलेल्या आवाजावर उभी आहे.

कागद आणि भक्ती दोन्ही असूनही न्याय होतोच असं नाही, हेही याच मालिकेने दाखवलं आहे. तिची सुरुवातीची धून जगभर ओळखीची आहे. रॉन ग्रेनर यांनी ती कागदावर लिहिली, पण ऐकू येणारा तो अमानवी नाद डेलिया डर्बिशायर यांनी घडवला. सिंथेसायझर बाजारात येण्यापूर्वीच्या त्या दिवसांत त्यांनी एकेक सूर वेगळा ध्वनिमुद्रित केला, टेपचे तुकडे कापून, कमीजास्त वेगाने फिरवून, हाताने जोडले. ते ऐकून ग्रेनर इतके चकित झाले, की आपल्या मानधनातला निम्मा वाटा डर्बिशायरना द्यावा असं त्यांनी सुचवलं. संस्थेच्या नियमात ते बसेना. डर्बिशायर ज्या ध्वनिविभागात होत्या, तिथले कर्मचारी निनावीच राहायचे, असा दंडक होता. डर्बिशायर २००१ मध्ये वारल्या आणि त्यांच्या घराच्या माळ्यावर २६७ टेपा निघाल्या. मालिकेच्या पडद्यावर त्या धुनेसाठी त्यांचं नाव प्रथम झळकलं ते २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नाशीच्या भागात, म्हणजे धून बनवल्यावर पन्नास वर्षांनी आणि मृत्यूनंतर बारा वर्षांनी. दुसरं उदाहरण रेमंड क्युसिक यांचं. ‘डालेक’ नावाचे मिरपूडदाणीसारखे दिसणारे यंत्रराक्षस या मालिकेची ओळख होऊन बसले. त्यांची खेळणी विकून लोकांनी पैसा केला. लेखक टेरी नेशन यांच्याकडे हक्क असल्याने त्यांनाही वाटा मिळाला. राक्षसाला तो आकार देणारे क्युसिक पगारी नोकर. त्यांना बक्षिसी म्हणून शंभर पौंडांच्या आसपास रक्कम मिळाली. ते २०१३ मध्ये वारले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिलं. ते लिहिता आलं, कारण आराखड्यांवर आणि फायलींत त्यांचं नाव होतं. पैशाचा अन्याय झाला, पण कामाचा कर्ता कोण याचा वाद झाला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत आपण नेहमी करतो.

या इतिहासाची मराठीशी जवळची सोयरीकही आहे. ‘डॉक्टर हू’च्या दोन वर्षं आधी, १९६१ मध्ये, बीबीसीने ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची विज्ञानमालिका दाखवली. तिचे एक लेखक खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. केंब्रिजमध्ये त्याच सुमाराला त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते जयंत नारळीकर. ती मालिकाही पुसली गेली. एक पूर्ण भाग आणि काही तुकडे तेवढे उरले. हॉइल २००१ मध्ये गेले, नारळीकर २० मे २०२५ रोजी. नारळीकरांच्या पहिल्या विज्ञानकथेचा कर्ता कोण, हे एकेकाळी परीक्षकांनाही ठाऊक नव्हतं. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली होती. पण तिथेही परिषदेचं दफ्तर होतं, निकाल होता, छापील अंक होता. आज ही हकिगत शाळकरी मुलाला सांगता येते. मराठी विज्ञानकथेचा इतिहास लिहिणाऱ्याला म्हणून तारखांसाठी चाचपडावं लागत नाही. तो ज्या माध्यमात घडला त्याला छापण्याची सवय होती.

टीव्हीच्या बाबतीत आपली गत बीबीसीच्या नेमकी उलट आहे. आपल्याकडे चित्र भरपूर उरलं. ‘सीआयडी’चंच बघा. ही विज्ञानमालिका नव्हे, हे मान्य. तरी डॉक्टर साळुंखे ज्या वेगाने एका केसावरून खुन्याची कुंडली मांडत, ते बघता तिला त्या वर्गात बसवायला फार खळखळ करायचं कारण नाही. २१ जानेवारी १९९८ ला सुरू होऊन ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबेपर्यंत तिचे १,५४७ भाग झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ती परत आली. भाषा हिंदी, पण शिवाजी साटम यांच्यापासून दिनेश फडणीसांपर्यंत तिच्यातला मराठी भरणा मोठा. तिचे भाग यूट्यूबवर आहेत आणि नव्या पिढीची पोरं ते बघून हसतात, नकला करतात. तिच्यातला ‘फ्रेडी’ रंगवणारे फडणीस ५ डिसेंबर २०२३ रोजी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी गेले तेव्हा ‘आपला फ्रेडी गेला’ अशी हळहळ देशभर व्यक्त झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये या मालिकेचे निर्माते प्रदीप उप्पूर वारले होते. ‘अर्धसत्य’सारख्या चित्रपटाच्या निर्मितीत ज्यांचा हात होता, त्या माणसाच्या जाण्याची बातमी आली, पण तिची लाट उठली नाही. नट आणि निर्माता यांच्यातच इतकी तफावत, तर त्या खालच्या पायऱ्यांचं काय?

याच मालिकेने २००४ मध्ये एक विक्रम केला होता. तब्बल १११ मिनिटांचा भाग एकाच सलग शॉटमध्ये, मध्ये कुठेही न तोडता चित्रित केला. असा शॉट चालू असताना सेटवर लहानमोठं कुणी उरत नाही. एकशे नवव्या मिनिटाला नट वाक्य विसरला तर शॉट गेला, हे आपल्याला समजतं. पण कॅमेऱ्यामागून वायर उचलत चालणाऱ्याचा पाय अडखळला, बूम धरणाऱ्याचा खांदा भरून येऊन माइक चौकटीत उतरला, फोकस धरणाऱ्याचा अंदाज दोन इंच चुकला, दार उघडायला बसवलेल्या माणसाने खूण वेळेवर पाहिली नाही, तरीही शॉट तितकाच जातो. विक्रम ज्यांच्या हातांनी झाला ते हात डझनावारी होते. विक्रमाच्या बातमीत नाव मालिकेचं, दिग्दर्शकाचं आणि दिसणाऱ्या चेहऱ्यांचं. चित्र आज एका बोटावर उपलब्ध आहे, हवं तितक्यांदा बघावं. आणि ते बघूनही वायर उचलणारा कोण, हे चित्र सांगणार नाही. तो चौकटीत न येणं हीच तर त्याच्या कामाची कसोटी होती.

रोजच्या मालिकांत हे आणखी पातळ होतं. शेवटी नावांची पट्टी आलीच तर ती अशी धावते, की वाचायला पहिल्या बाकावरचा हुशार मुलगाही कमी पडावा. ओटीटीवर तर नावं सुरू व्हायच्या आत पुढचा भाग सुरू होतो. गंमत म्हणजे सेटवर लिहिणं कमी नसतं. कोणत्या दृश्यात चहाचा कप सुनेच्या डाव्या हातात होता, पदर कोणत्या खांद्यावर होता, घड्याळात किती वाजले होते, हे सगळं कंटिन्युइटीच्या वहीत तारीखवार टिपलं जातं, कारण पुढच्या शॉटला ते लागतं. कॉलशीट रोज निघते. हजेरी लागते, कारण त्याशिवाय हिशेब होत नाही. पैसे बहुधा नव्वद दिवसांनी हाती येत असल्याने तोवर हा कागद जपला जातो. पैसे दिले गेले की त्याचं प्रयोजन संपतं, सेट मोडतो, शेड दुसऱ्या मालिकेला दिली जाते आणि कागद रद्दीत जातो. बीबीसीने टेप पुन्हा वापरण्यासाठी पुसली आणि कागद ठेवला. नायगावात नेमका तोच वाचवण्याजोगा कागद जातो.

हे हिंदुस्थानी स्वभावातच आहे, ही तक्रार फाळक्यांपुढे टिकत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याची थोडीच रिळं उरली आहेत आणि तीही मूळची की १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत खल झाला. मूकपटांच्या काळातले बहुतेक चित्रपट असेच नामशेष झाले. पी. के. नायर यांनी १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी आयुष्य घातलं, तेव्हा कुठे हे थोडं हाती लागलं. तरीही हरिश्चंद्र झालेले दत्तात्रय दाबके, तारामती झालेले अण्णा साळुंके, रोहिदास झालेला भालचंद्र फाळके ही नावं आपल्याला माहीत आहेत. कॅमेरा चालवणारे त्र्यंबक तेलंग माहीत आहेत. रात्री जागून फिल्मला भोकं पाडणाऱ्या आणि दिवसा साऱ्या कंपनीचा स्वयंपाक रांधणाऱ्या सरस्वतीबाई फाळके माहीत आहेत. याचं कारण जाहिराती छापल्या गेल्या, वर्तमानपत्रांत मजकूर आला, आणि फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकात आपल्या धंद्याची हकिगत स्वतः लिहिली. शंभर वर्षांपूर्वीच्या कॅमेरामनचं नाव ठाऊक आहे आणि गेल्या वर्षी बंद पडलेल्या मालिकेच्या लाइटमनचं नाही. मग प्रश्न स्वभावाचा कसा?

ही नावं नोंदून जपावीत म्हटलं की आक्षेप येतात. पहिला आक्षेप संकोचाचा आहे. सणासुदीच्या अंकात मेलेल्यांच्या याद्या कसल्या काढता? पण दिवाळीच्या आधी महिनाभर पितृपक्षात आपण तेच करून आलेले असतो. तर्पणात बाप, आजा, पणजा यांची नावं घ्यावी लागतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय यजमानांच्या पिढ्या वहीत लिहून ठेवतात आणि अडलेला माणूस स्वतःच्या खापरपणज्याचं नाव तिथे विचारायला जातो. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या ठेवलेली आहे. ही सोय मोठ्या मनाची आहे, पण ती अडलेल्यांसाठी आहे. सगळ्यांनाच त्या अमावास्येवर ढकलायचं ठरवलं तर बाकीच्या तिथींना अर्थ राहत नाही. मालिकांच्या जगात नटांना तिथी आहे, बाकी साऱ्यांना अमावास्या. ‘पडद्यामागच्या सर्व ज्ञात-अज्ञात हातांना’ या सोहळ्यातल्या ठरीव वाक्यात ती दरवर्षी उरकली जाते. वसईच्या ख्रिस्ती समाजाकडे तर याचा आणखी चोख नमुना आहे. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, मिस्सा होते. पण त्या भावनेला आधार असतो तो धर्मग्रामाच्या मृत्युनोंदवहीचा. ती वही ठेवणं चर्चच्या कायद्याने बंधनकारक आहे आणि तीत वाडीमालकाची ओळ नि मजुराची ओळ सारख्याच लांबीची असते. वहीला कुणाचीच कीर्ती ठाऊक नसते, म्हणून तिला सगळे लागतात.

दुसरा आक्षेप जड आहे. ज्याला तीन महिन्यांनी पैसे मिळतात त्याला नावाचं काय कौतुक; आधी भाकरीचं बघा. डर्बिशायरचं नाव २०१३ मध्ये झळकल्याने त्यांना कुठे काही मिळालं? बरोबर आहे, नाही मिळालं. परंतु नाव आणि भाकरी या दोन वेगळ्या चुली नाहीत. अपघाताची भरपाई मागायची, थकलेली मजुरी वसूल करायची, कल्याण निधीकडे अर्ज करायचा, तर अमुक माणूस अमुक दिवशी अमुक सेटवर कामाला होता, हे आधी दाखवावं लागतं. १९८१ च्या सिने कामगार कायद्याने लेखी कराराची अट घातली खरी, पण त्याची व्याख्या कथाचित्रपटापुरती होती. मालिकांवर राबणारा त्या शब्दात बसत नव्हता. नायगावात वर्षानुवर्षं काम करणारा माणूस कायद्याच्या भाषेत सिने कामगारच नव्हता. २०२० च्या कामगार संहितेने ‘दृक्श्राव्य कामगार’ असा विस्तृत शब्द आणला आणि मालिका, डिजिटल कार्यक्रम त्याखाली घेतले. हक्क कागदावर रुंदावला, आता तो बजावायचा तर दुसऱ्या बाजूचा कागदही हवा, आणि तो तोच हजेरीचा कागद. विधवेला भरपाईसाठी जो लागतो, तोच इतिहासकाराला नोंदीसाठी लागतो. क्युसिक यांना पैसे कमी मिळाले हे आपण आज ठामपणे म्हणू शकतो, कारण काम त्यांचं होतं हे कागदावर आहे. ज्याचं कामच नोंदलेलं नाही त्याच्यावर अन्याय झाला हेही सिद्ध करता येत नाही.

तिसरा आक्षेप संख्येचा. ‘डॉक्टर हू’चे वर्षाला चाळीसेक भाग झाले तरी खूप, तेही तिच्या भरभराटीत, रोजची मालिका वर्षात तीनशेच्या घरात भाग काढते, माणसं बदलत राहतात, बदली कामगार येतात. इतकी नावं ठेवणार कोण? शिवाय इंटरनेटवर सगळं असतंच. तर इंटरनेटवरच्या याद्या भरतात पडद्यावरच्या नामावलीवरून. मुळातच नसलेलं तिथे उगवत नाही. त्यात सेटवरची नावं म्हणजे राजूदादा, पप्पू, मामा. रेशनकार्डावरचं नाव वेगळं, आणि त्याच नावाचे पालघर जिल्ह्यात आणखी शंभर. संख्येची अडचण एरवी खरी ठरली असती, पण ही नावं नव्याने गोळा करायचीच नाहीत. ती गोळा होतात, रोज, पैशासाठी. प्रॉडक्शनच्या संगणकात आणि युनियनच्या कार्डांवर ती आहेत. पश्चिम भारतातल्या सिने कर्मचाऱ्यांचा महासंघ १९५६ पासून उभा आहे आणि त्याखाली कामाकामाच्या वेगळ्या संघटना आहेत. प्रश्न फक्त, मालिका संपल्यावर त्या फायलीचं काय करायचं, एवढाच आहे. खासगी तपशील, बँक खातं, पत्ता, फोन गाळून नाव, काम आणि कालावधी या तीन रकान्यांची यादी एखाद्या ग्रंथालयात वा संग्रहालयात जमा करायला जागा लागते ती एका पेनड्राइव्हएवढी.

तरी एक गोष्ट ‘डॉक्टर हू’वाल्यांकडून हुबेहूब उचलता येणार नाही, ती म्हणजे चाहत्याचं प्रेम. निकोलस कोर्टनी २०११ मध्ये गेले तेव्हा त्यांनी रंगवलेला ब्रिगेडियरही गेल्याचं त्याच वर्षीच्या भागात डॉक्टरला फोनवर कळतं. मालिकेतल्या अभिनेत्री एलिझाबेथ स्लेडन त्याच वर्षी गेल्या आणि चार दिवसांनी दाखवलेला भाग त्यांना अर्पण झाला. मालिकेतले आणखी एक नट बर्नार्ड क्रिबिन्स २०२२ मध्ये वारले, त्यांनी आधी करून ठेवलेलं काम २०२३ मध्ये दिसलं. हे कथेचं आणि प्रेक्षकाचं साठ वर्षांचं नातं आहे. आपल्याकडे वाहिनीच्या आकड्यांवर रातोरात बंद पडणाऱ्या मालिकेशी असं नातं जुळायला वेळच मिळत नाही. म्हणून तर इथे वहीची गरज जास्त आहे. व्हेरिटी लॅम्बर्ट २२ नोव्हेंबर २००७ रोजी, मालिकेच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, वारल्या. त्यांना विसरणं शक्य नव्हतं. पण त्यांच्या पहिल्या भागात निळ्या खोक्याच्या आतला तो गोल भिंतींचा विलक्षण कक्ष उभा करणारे पीटर ब्राकाकी १९८० मध्ये गेले. आजारपणामुळे त्यांनी एवढंच काम करून मालिका सोडली होती. एका आठवड्याच्या कामाएवढं त्यांचं नाव, आणि तरी ते फायलीत होतं. साठ वर्षांत तो कक्ष कितीदा नव्याने बांधला गेला, आणि प्रत्येक वेळी भिंतीवरच्या त्या गोलांचा जनक म्हणून त्यांचं नाव निघतं.

नायगावच्या शेडमध्ये आज जो वाडा उभा आहे, त्याच्या प्लायवूडच्या कमानीला सागवानी रंग कुणी दिला, हे या आठवड्याच्या मजुरीच्या पत्रकात लिहिलेलं आहे. ते पत्रक अजून नव्वद दिवस तरी टिकेल.